ल ग्विन, अर्सुला क्रोबर

(२१ ऑक्टोबर १९२९–२२ जानेवारी २०१८). विख्यात अमेरिकन कादंबरीकर्त्री, कथालेखिका, कवयित्री व समीक्षक. अद्भुतिका आणि विज्ञानकथा ह्या दोन्ही प्रकारांत तिने केलेले लेखन विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील इंग्रजी कथासाहित्यात महत्त्वाचे मानले जाते. ‘अर्थसी’ नावाच्या काल्पनिक द्वीपसमूहाविषयी तिने १९६८ ते २००१ ह्या काळात सहा पुस्तके लिहिली. त्यांपैकी पहिली तीन पुस्तके अवघ्या चार वर्षांत प्रसिद्ध झाली आणि मालिका पूर्ण झाली असेच वाचकांनी धरले. पुढे अठरा वर्षांनी लेखिका त्याच जगाकडे परतली व त्याचे नियम तिने पुन्हा तपासले. ज्या जगावर पहिल्या वाचकांनी प्रेम केले, त्याच्या पायाशी असलेला अन्याय तिने कथेतूनच उघड केला. पूर्ण झालेल्या कलाकृतीचा लेखकानेच असा फेरविचार करावा काय आणि त्यामुळे आधीच्या कलाकृतीचे मोल वाढते की घटते, हा तिच्या कारकीर्दीच्या मूल्यमापनातील मध्यवर्ती प्रश्न होय.

जीवन : जन्म कॅलिफोर्निया राज्यातील बर्कली येथे. वडील ॲल्फ्रेड लूइस क्रोबर (१८७६–१९६०) हे अमेरिकन मानवशास्त्राच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक. कॅलिफोर्निया विद्यापीठात त्यांनी दीर्घकाळ अध्यापन केले व तेथील मूळ रहिवाशांच्या भाषा आणि चालीरीती ह्यांची विपुल नोंद केली. आई थिओडोरा क्रोबर (१८९७–१९७९) ह्याही लेखिका होत्या. याही जमातीतील अखेरचा ज्ञात पुरुष १९११ मध्ये एकाकी अवस्थेत ऑरोव्हिल येथे आढळला. त्याला सॅन फ्रान्सिस्को येथील विद्यापीठाच्या संग्रहालयात आश्रय देण्यात आला व १९१६ मध्ये क्षयाने त्याचा मृत्यू झाला. स्वतःचे नाव परक्यांना सांगणे त्याच्या जमातीच्या रीतीत बसत नव्हते, म्हणून क्रोबर ह्यांनी त्याला ‘इशी’ म्हणजे त्याच्या भाषेत ‘माणूस’ असे संबोधिले. त्याचे खरे नाव अखेरपर्यंत कोणालाही कळले नाही. इशी इन टू वर्ल्ड्‌स (१९६१) हे त्याचे चरित्र थिओडोरा क्रोबर ह्यांनी लिहिले. इशीच्या मृत्यूनंतर तेरा वर्षांनी जन्मलेल्या ल ग्विनच्या जादूगारांचे सर्वांत जपलेले धन म्हणजे त्यांचे गुप्त नाव असते. ह्या दोन गोष्टींचा सरळ कार्यकारणसंबंध जोडणे धाडसाचे ठरेल. तथापि आपल्या संस्कृतीपलीकडेही पूर्ण आणि सुसंगत मानवी जगे असतात, ही जाणीव तिला घरातच मिळाली ह्यात शंका नाही.

तिचे शिक्षण रॅडक्लिफ महाविद्यालय (बी. ए., १९५१) व कोलंबिया विद्यापीठ (एम्. ए., १९५२) येथे झाले. प्रबोधनकालीन फ्रेंच व इटालियन साहित्य हा तिच्या अभ्यासाचा विषय होता. फुलब्राइट शिष्यवृत्ती मिळवून १९५३ मध्ये ती फ्रान्सला निघाली. त्या प्रवासात क्वीन मेरी ह्या जहाजावर इतिहासाचे अभ्यासक चार्ल्स ल ग्विन ह्यांच्याशी तिचा परिचय झाला व त्याच वर्षी पॅरिस येथे दोघांचा विवाह झाला. पुढे ऑरेगन राज्यातील पोर्टलंड येथे हे कुटुंब स्थायिक झाले आणि तेथेच तिचे निधन झाले. तीन मुलांचे संगोपन करीत, रात्री मुले निजल्यावर तिने आपले बरेचसे लेखन केले.

वयाच्या अकराव्या वर्षी तिने एका विज्ञानकथा-मासिकाकडे पाठविलेली कथा साभार परत आली होती. ऑर्सिनिया ह्या काल्पनिक मध्य यूरोपीय देशाविषयीच्या तिच्या आरंभीच्या कादंबऱ्यांनाही प्रकाशक मिळाले नाहीत. हे लेखन वास्तववादीही नव्हते व रूढ अर्थाने अद्भुतही नव्हते. त्यामुळे त्याला कोणत्या सदरात बसवावे, हा संपादकांपुढे पेच होता. १९६२ पासून फँटॅस्टिक ह्या मासिकातून तिच्या कथा येऊ लागल्या. १९६४ मध्ये त्याच मासिकात आलेल्या ‘द वर्ड ऑफ अनबाइंडिंग’ व ‘द रूल ऑफ नेम्स’ ह्या दोन कथांत अर्थसीचे बीज आहे. बेटांचे जग, वस्तूच्या खऱ्या नावावर चालणारी जादू आणि ड्रॅगन ह्या तीन गोष्टी तेथे प्रथम दिसतात.

पहिली त्रयी : बर्कली येथील पार्नासस प्रेस ह्या छोट्या प्रकाशनसंस्थेचे प्रमुख हर्मन शाइन ह्यांनी १९६७ मध्ये तिच्याकडे कुमारवयीन वाचकांसाठी पुस्तक मागितले. त्यातून अ विझर्ड ऑफ अर्थसी (१९६८, म. शी. अर्थसीचा जादूगार) ही कादंबरी सिद्ध झाली. जे. आर्. आर्. टॉल्कीन ह्याची लॉर्ड ऑफ द रिंग्ज (१९५४-५५) ही बृहत्कादंबरी १९६५ मध्ये स्वस्त आवृत्तीत निघून अमेरिकेत अमाप लोकप्रिय झाली होती. जादूगार म्हणजे पांढऱ्या दाढीचा वृद्ध उपदेशक, ही प्रतिमा तिने वाचकांच्या मनात पक्की केली होती. असे जादूगार तरुणपणी कसे असतील आणि आपली विद्या कोठे शिकले असतील, हा साधा प्रश्न ल ग्विनच्या कादंबरीच्या मुळाशी आहे. शाळेत जादूविद्या शिकणाऱ्या मुलाची कथा पुढे जगभर रूढ झाली, तिच्या आरंभीच्या व प्रभावी आविष्कारांत ह्या कादंबरीची गणना होते.

कादंबरीचा नायक गेड हा गाँट बेटावरील शेळ्या राखणारा मुलगा. ओगियन हा मितभाषी गुरू त्याला त्याचे खरे नाव देतो. पण गुरूच्या संथ शिक्षणाला कंटाळून गेड रोक बेटावरील विद्यापीठात जातो. तेथे एका सहाध्यायाशी लागलेल्या ईर्षेपायी तो मृतात्म्याला पाचारण करतो. त्या वेळी पडलेल्या फटीतून एक निनावी छाया जगात येते व त्याचा पाठलाग करू लागते. पळून थकलेला गेड अखेरीस उलट तिचाच पाठलाग करतो आणि समुद्राच्या शेवटाशी तिला स्वतःच्या नावाने हाक मारतो. छाया त्याचीच असते. ह्या कथेत सैन्ये समोरासमोर येत नाहीत व खलनायकाचा वधही होत नाही. नायकाचा विजय म्हणजे त्याने स्वतःला ओळखणे होय. ह्या प्रतीकाचे कार्ल युंगच्या मानसशास्त्राशी असलेले साम्य समीक्षकांनी दाखवून दिले आहे. मात्र कादंबरी लिहिताना आपण युंग वाचलेला नव्हता, असे लेखिकेने नमूद केले आहे.

अर्थसीतील जादूचा पाया म्हणजे समतोल. एका बेटावर पाऊस पाडला, तर दुसऱ्या बेटावर अवर्षण पडू शकते. म्हणून खरा ज्ञानी जादूगार शक्यतो जादू करीत नाही. ल ग्विनवर ताओ मताचा सखोल प्रभाव होता. तिच्या वडिलांजवळ असलेली ताओ-ते-चिंगची प्रत तिने लहानपणीच हाताळली होती व पुढे १९९७ मध्ये ह्या ग्रंथाची स्वतःची इंग्रजी आवृत्तीही तिने सिद्ध केली. सामर्थ्य असूनही हात आवरणे हाच सामर्थ्याचा उत्तम उपयोग, हा विचार तिच्या कथांत उपदेशाच्या रूपाने न येता कथानकाची गती होऊन येतो. वर्णाच्या बाबतीतही तिने रूढ संकेत बदलला. गेड तांबूस तपकिरी वर्णाचा आहे व त्याचा मित्र व्हेच कृष्णवर्णी आहे. चाल करून येणारे कार्ग लोक तेवढे गोरे आहेत. हा तपशील तिने गाजावाजा न करता कथेत पेरला. अनेक आवृत्त्यांच्या मुखपृष्ठांवर मात्र गेड गोराच रंगविला गेला. २००४ मध्ये अमेरिकेतील दूरचित्रवाणी-मालिकेतही गोऱ्या नटाला ही भूमिका देण्यात आली, तेव्हा तिने जाहीर निषेध नोंदविला.

द टूम्ब्ज ऑफ अटुआन (१९७१) ह्या दुसऱ्या कादंबरीची नायिका टेनार ही आहे. अंधारातील निनावी शक्तींची पुजारीण म्हणून तिला बालपणीच आईबापांपासून तोडण्यात येते व तिचे नाव हिरावून घेतले जाते. भुयारात सापडलेल्या गेडला मारण्याऐवजी ती त्याला वाचविते व त्याच्यासह स्वतःही मुक्त होते. द फार्देस्ट शोअर (१९७२) मध्ये महाजादूगार झालेला गेड आणि अरेन हा राजपुत्र जगातून ओसरत चाललेल्या जादूचे कारण शोधतात. मृत्यू टाळण्यासाठी कॉब नावाच्या जादूगाराने जीवन व मरण ह्यांमधील दार उघडे ठेवलेले असते. ते बंद करताना गेड आपले सर्व सामर्थ्य गमावतो. ह्या कादंबरीतील मृतांचा ओसाड, कोरडा प्रदेश हे ल ग्विनच्या प्रतिभेचे एक अविस्मरणीय निर्माण होय. ज्यांनी प्रेमासाठी प्राण दिले, ते तेथील रस्त्यांवर एकमेकांना न ओळखता जवळून निघून जातात. पहिल्या कादंबरीस बॉस्टन ग्लोब–हॉर्न बुक पुरस्कार (१९६९), तर तिसरीस बालसाहित्याचा नॅशनल बुक अवॉर्ड (१९७३) हा सन्मान मिळाला.

विज्ञानकथा : ह्याच काळात तिच्या विज्ञानकथांनीही मोठी कीर्ती मिळविली. द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस (१९६९, म. शी. अंधाराचा डावा हात) ह्या कादंबरीतील हिमग्रहाच्या रहिवाशांना कायमचे लिंग नसते. महिन्यातील काही दिवसच त्यांच्यात स्त्रीत्व वा पुरुषत्व प्रकट होते, आणि एकच व्यक्ती कोणाची आई तर कोणाचा बाप असू शकते. बाहेरून आलेल्या पुरुष राजदूताला तेथील एका पदच्युत मंत्र्याचे मन समजावे, त्यासाठी दोघांना हिमनदीवरून दीर्घ प्रवास करावा लागावा, एवढेच तिचे कथानक. ह्या कादंबरीस ह्यूगो व नेब्यूला हे दोन्ही पुरस्कार मिळाले. कादंबरीसाठी ह्यूगो पुरस्कार मिळविणारी ती पहिली स्त्री ठरली. द डिस्पझेस्ड (१९७४) ह्या कादंबरीत राज्यसंस्था नसलेल्या समाजाचे चित्र आहे. ते रेखाटताना त्या समाजातील लोकमताची अदृश्य जुलूमशाहीही लेखिकेने लपविलेली नाही. ‘द वन्स हू वॉक अवे फ्रॉम ओमेलास’ (१९७३) ह्या छोट्या कथेत एका नगरीचे सारे सुख तळघरात कोंडलेल्या एका मुलाच्या यातनांवर उभे असते. ही गोष्ट सर्व नागरिकांना ठाऊक असते. सुंदर रचनेच्या तळाशी कोणाला कोंडले आहे, हा ह्या कथेतील प्रश्न पुढे लेखिकेने स्वतःच्या अर्थसीलाच विचारला.

फेरविचाराचा आरंभ : ल ग्विनच्या ह्या यशस्वी कृतींतील एक उणीव स्त्रीवादी समीक्षेने लवकरच दाखविली. लिंगभेदरहित माणसांसाठी तिने सर्वत्र पुल्लिंगी सर्वनाम वापरले होते. शिवाय ही माणसे राजकारण करताना व बर्फ तुडविताना दिसतात, मुले वाढविताना क्वचितच दिसतात. त्यामुळे ती वाचकाला पुरुषच वाटतात. कादंबरीकर्त्री व समीक्षक जोआना रस हिने १९७० च्या सुमारास हा आक्षेप घेतला. ‘इज जेंडर नेसेसरी?’ (१९७६) ह्या निबंधात ल ग्विनने आपल्या निवडीचे समर्थन केले. मात्र त्याच ग्रहाविषयीची ‘विंटर्स किंग’ ही १९६९ मधील कथा १९७५ च्या संग्रहात घेताना तिने पात्रांसाठी स्त्रीलिंगी सर्वनाम योजून पाहिले होते. पुढे आपले समर्थन तिला स्वतःलाच पटेना. १९८९ मध्ये डान्सिंग ॲट द एज ऑफ द वर्ल्ड ह्या ग्रंथात तो निबंध तिने पुन्हा छापला. त्यातील मूळ मजकूर तसाच ठेवून तिने त्यालगत स्वतःला खोडून काढणाऱ्या टिपा जोडल्या. जुने मत पुसून टाकणे तिला अप्रामाणिक वाटले. मत कसे बदलले हे वाचकाला दिसावे, अशी तिची भूमिका होती. तिच्या पुढील अर्थसी-लेखनाची पद्धती समजण्यासाठी हे उदाहरण उपयुक्त आहे.

‘द कॅरिअर बॅग थिअरी ऑफ फिक्शन’ (१९८६) हा तिचा निबंधही ह्या संदर्भात महत्त्वाचा आहे. मानवाचे पहिले साधन भाला नसून धान्य, कंद, फळे गोळा करण्याची झोळी असावी, ह्या एलिझाबेथ फिशरच्या कल्पनेचा आधार घेऊन ल ग्विनने कथेच्या रूपाचा विचार केला. शिकारीच्या कथेत एक नायक व एक घाव पुरेसा असतो. झोळीसारख्या कथेत अनेक लहान गोष्टी शेजारीशेजारी राहतात. ऑलवेज कमिंग होम (१९८५) हा तिचा ग्रंथ ह्याच धर्तीचा आहे. भावी काळातील कॅलिफोर्नियातल्या एका काल्पनिक जमातीच्या कथा, गीते, पाककृती, नकाशे व शब्दकोश ह्यांचा तो संग्रह असून मानवशास्त्रज्ञ पित्याच्या क्षेत्रीय नोंदींचा वारसा त्यात उघड दिसतो.

टेहानू : पहिल्या त्रयीत रोकच्या विद्यापीठाची दारे स्त्रियांना बंद आहेत. गावातल्या चेटकिणींची विद्या दुबळी आणि दुष्ट समजली जाते. हा पूर्वग्रह कथेतील लोकांचा आहे, तसाच तो कथेच्या रचनेतही मुरलेला आहे. तिसऱ्या कादंबरीत स्त्रियांना जवळजवळ स्थानच नाही. दुसरीची नायिका स्त्री असली, तरी तिच्या मुक्तीसाठी एक पुरुष जादूगार यावा लागतो. ही व्यवस्था आपण जाणूनबुजून आखली नव्हती. वीरकथेच्या परंपरेत लिहिताना पुरुषाची दृष्टी नकळत आपली म्हणून स्वीकारली, असे विवेचन ल ग्विनने १९९२ मध्ये ऑक्सफर्ड येथे दिलेल्या व्याख्यानात केले. ते अर्थसी रीव्हिजन्ड ह्या नावाने १९९३ मध्ये प्रसिद्ध झाले.

तत्पूर्वी टेहानू (१९९०) ह्या कादंबरीने हा फेरविचार कथारूपाने मांडला होता. तिसऱ्या कादंबरीच्या घटना जेथे संपतात, तेथूनच ही कथा सुरू होते. टेनार आता प्रौढ विधवा आहे. जादूविद्या शिकण्याची संधी सोडून तिने शेतकऱ्याशी लग्न केले होते व मुले वाढविली होती. तिच्याकडे थेरू नावाची एक मुलगी येते. स्वतःच्याच माणसांनी तिच्यावर अत्याचार करून तिला आगीत टाकलेले असते. चेहऱ्याचा अर्धा भाग व एक हात जळालेली ही मुलगी कोणत्याही मंत्राने बरी होत नाही. सामर्थ्य गमावलेला गेडही तेथेच परत येतो. ज्याचे सारे जीवन विद्येने घडले होते, त्याला आता स्वतःची लाज वाटते. कादंबरीचा मोठा भाग शेळ्या राखणे, दूध काढणे, आजाऱ्याची शुश्रूषा करणे, दाराला कडी लावून भीतीने रात्र काढणे ह्या गोष्टींनी व्यापला आहे. एका प्रसंगी टेनारचा मुलगा जेवणानंतरची भांडी उचलणे हे बायकांचे काम म्हणून टाळतो, आणि एकेकाळचा महाजादूगार ते काम निमूटपणे करतो. पहिल्या त्रयीतील वादळे व ड्रॅगनांशी झुंजी ह्यांच्या तुलनेत हा प्रसंग क्षुल्लक भासतो. परंतु सामर्थ्य कोणाच्या श्रमावर उभे राहते हे त्यातून स्पष्ट होते. ओगियनच्या झोपडीत चूल कोण पेटविते, हा प्रश्न पहिल्या कादंबरीने विचारलाच नव्हता.

ह्या कादंबरीस नेब्यूला पुरस्कार मिळाला. मात्र वाचकांची प्रतिक्रिया दुभंगलेली होती. अनेकांना ती रुक्ष, कडवट व प्रचारकी वाटली. आवडत्या नायकाला लेखिकेने खाली खेचले आणि पूर्वीच्या गूढरम्य जगात समकालीन वादविवाद घुसविले, असा त्यांचा आक्षेप होता. त्यात काही तथ्य आहे. ॲस्पेन हा खल जादूगार एकसुरी आहे. स्त्रीद्वेष एवढेच त्याचे स्वरूप उरते. छायेला स्वतःच्या नावाने ओळखणाऱ्या पहिल्या कादंबरीतील सूक्ष्मता त्याच्या चित्रणात नाही. स्त्रिया व पुरुष ह्यांच्या सामर्थ्याविषयीच्या काही संवादांत पात्रांऐवजी लेखिकेचाच आवाज ऐकू येतो. कॅलेसिन ह्या ड्रॅगनाने येऊन संकट निवारणे हा शेवटही घाईचा वाटतो.

ह्या दोषांपेक्षा कादंबरीचे यश मोठे आहे. थेरूची जखम कथेच्या अखेरीसही भरून येत नाही. अद्भुतिकेत जळालेल्या मुलीचे सौंदर्य परत आणणे सोपे होते. ल ग्विनने तो मोह टाळला. अन्यायाची खूण मंत्राने पुसता येत नाही, ह्या जाणिवेमुळे जादूच्या जगाला नवे गांभीर्य आले. पहिल्या कादंबरीतही गेडच्या चेहऱ्यावर व्रण राहतो. तथापि तो त्याच्या स्वतःच्या अहंकाराचा व्रण आहे, आणि थेरूची जखम दुसऱ्यांनी केलेली आहे. स्वतःला ओळखल्याने पहिला व्रण सोसता येतो. दुसऱ्या प्रकारच्या जखमेसाठी कोणीतरी जवळ राहावे लागते, आणि टेनार तेच करते. समतोलाच्या तत्त्वज्ञानात राहिलेली ही एक उणीव टेहानूने भरून काढली, असे म्हणता येईल.

अखेरची पुस्तके : टेहानूच्या उपशीर्षकात तिला अर्थसीचे अखेरचे पुस्तक म्हटले होते. तरीही २००१ मध्ये आणखी दोन पुस्तके निघाली. टेल्स फ्रॉम अर्थसी ह्या कथासंग्रहातील ‘द फाइंडर’ ही दीर्घकथा रोकच्या विद्यापीठाचा प्राचीन इतिहास सांगते. ते विद्यापीठ स्त्रिया व पुरुष ह्यांनी मिळून स्थापन केले होते आणि स्त्रियांना पुढे तेथून वगळण्यात आले, असे त्यात दिसते. पहिल्या त्रयीत जो सनातन नियम वाटत होता, तो येथे काही माणसांनी विशिष्ट काळी केलेला बदल ठरतो. हा युक्तिवाद इतिहासकाराचा आहे. रूढीचे वय मोजले की तिचे पावित्र्य ओसरते, हे मानवशास्त्रज्ञाच्या घरात वाढलेल्या लेखिकेला चांगले ठाऊक होते.

द अदर विंड ह्या अखेरच्या कादंबरीतील फेरविचार अधिक धाडसी आहे. आल्डर हा एक साधा, फुटकी भांडी सांधणारा मांत्रिक असतो. त्याची मृत पत्नी स्वप्नात मृतांच्या प्रदेशाच्या दगडी भिंतीपलीकडून त्याला हाक मारते, आणि तिच्यामागे असंख्य मृत मुक्तीची याचना करीत उभे असतात. तिसऱ्या कादंबरीतील तो कोरडा प्रदेश निसर्गाचा भाग नसून अमरत्वाच्या लोभाने प्राचीन जादूगारांनी ड्रॅगनांकडून बळकावलेली भूमी होती, असे येथे उघड होते. ज्या खऱ्या नावांच्या बळावर सारी जादू चालते, तीच नावे मृतांना तेथे बांधून ठेवतात. अखेरीस भिंत पाडली जाते व मृत पुन्हा माती, वारा आणि प्रकाश ह्यांत मिसळून जातात. येथे लेखिकेने आपल्या सर्वांत प्रभावी कल्पनेलाच हात घातला आहे. ज्या प्रदेशाच्या वर्णनाने तीस वर्षे वाचकांना हेलावून सोडले होते, तो एका अपराधाचे फळ ठरतो. तिसऱ्या कादंबरीत कॉबने मृत्यू नाकारला म्हणून तो दोषी होता. येथे तोच दोष संपूर्ण जादूविद्येच्या परंपरेवर येतो. ह्या कादंबरीस वर्ल्ड फँटसी अवॉर्ड (२००२) मिळाला.

असा बदल केल्याने तिसऱ्या कादंबरीची शोकात्म भव्यता कमी होते, असा आक्षेप घेता येतो. अटळ म्हणून स्वीकारलेला मृत्यू एक गोष्ट आणि दुरुस्त करता येण्यासारखी चूक ही दुसरी गोष्ट. ह्या आक्षेपाला पूर्ण उत्तर देता येत नाही. मात्र तिसरी कादंबरी ह्यानंतरही स्वतंत्रपणे वाचता येते व तिचा एकही शब्द लेखिकेने बदललेला नाही. गेडला आणि अरेनला त्या वेळी जे दिसले, ते खरेच होते. ते अपुरे होते एवढेच नंतर कळते. दोन्ही कादंबऱ्या लागोपाठ वाचणाऱ्या वाचकाला पहिल्या वाचनातील स्वतःची संमतीही तपासावी लागते. स्त्रियांना वगळलेली शाळा आणि मृतांना कोंडणारी भिंत आपणही निसर्गनियम म्हणून कशी मान्य केली, हा प्रश्न त्याच्यापुढे उभा राहतो. एखाद्या संपूर्ण नव्या कादंबरीने हा परिणाम साधला नसता. त्यासाठी आधीचे जग तितकेच मोहक असणे आवश्यक होते. म्हणून उत्तरकालीन पुस्तकांनी पहिल्या त्रयीचे मोल घटविले असे न म्हणता, तिच्या मोहकतेचे कारण अधिक उघडे केले असे म्हणणे योग्य ठरेल.

शैली व इतर लेखन : ल ग्विनची शैली संयत व लयबद्ध आहे. ‘फ्रॉम एल्फलँड टू पकीप्सी’ (१९७३) ह्या निबंधात अद्भुतिकेची भाषा हाच तिचा प्राण असतो, असे प्रतिपादन तिने केले. अद्भुत जगातील पात्रे कचेरीतील माणसांसारखी बोलू लागली की ते जग कोसळते. तथापि उसन्या पुरातन शब्दांनीही ते उभे राहत नाही, असे तिचे मत होते. अर्थसीच्या पहिल्या पुस्तकात लोककथा सांगणाऱ्याचा दूरस्थ, गंभीर स्वर आहे. टेहानूमध्ये तो स्वयंपाकघराच्या पातळीवर उतरतो. स्वरातील हा पालट तिच्या वैचारिक परिवर्तनाशी सुसंगत आहे. लव्हिनिया (२००८) ह्या कादंबरीत तिने हीच दृष्टी व्हर्जिलच्या महाकाव्याला लावली. इनीडमध्ये एकदाही न बोलणाऱ्या राजकन्येला तिने कथेची निवेदिका केले. गॅब्रिएला मिस्त्राल हिच्या स्पॅनिश कवितांचे तिने केलेले इंग्रजी अनुवाद २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. द लँग्वेज ऑफ द नाइट (१९७९) हा तिचा निबंधसंग्रह अद्भुतिकेच्या समीक्षेत पायाभूत मानला जातो.

नॅशनल बुक फाउंडेशनने २०१४ मध्ये अमेरिकन साहित्यातील विशेष योगदानाबद्दल तिला पदक दिले. दीर्घकाळ साहित्यिक सन्मानांपासून दूर ठेवलेल्या अद्भुतिका व विज्ञानकथा-लेखकांच्या वतीने तिने ते स्वीकारले. पुस्तकाकडे केवळ विक्रीचा माल म्हणून पाहणाऱ्या प्रकाशनव्यवसायावर त्याच भाषणात तिने कठोर टीका केली. जी सत्ता अटळ वाटते, तीही माणसांनीच उभारलेली असते व माणसांना बदलता येते, असा त्या भाषणाचा आशय होता. २०१६ पासून लायब्ररी ऑफ अमेरिका ह्या प्रतिष्ठित मालेत तिच्या साहित्याचे प्रकाशन सुरू झाले. गेडच्या अखेरच्या दिवसांविषयीची ‘फायरलाइट’ ही तिची कथा तिच्या मृत्यूनंतर २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्या नावाने कथासाहित्यासाठी एक पुरस्कार २०२२ पासून देण्यात येतो.

अद्भुतिका म्हणजे वास्तवापासून पलायन, असा आक्षेप ह्या साहित्यप्रकारावर पूर्वीपासून घेतला जातो. ल ग्विनचे कार्य ह्या आक्षेपाला समर्पक उत्तर देते. काल्पनिक जगाचे नियम लेखकाने घडविलेले असल्यामुळे त्यांची जबाबदारी तो दुसऱ्या कोणावर टाकू शकत नाही. तिने ही जबाबदारी तीन दशके वाहिली, आणि साठीत व सत्तरीत स्वतःच्या तारुण्यातील यशाविरुद्ध लिहिण्याचे धैर्य दाखविले. त्या प्रयत्नात काही ठिकाणी कलात्मक तोल ढळला असला, तरी अर्थसीची सहा पुस्तके एकत्रितपणे एका विचारशील मनाच्या वाढीचा दुर्मिळ आलेख ठरतात.